थोरल्या दिरांचं नुकसान

आमच्या थोरल्या दिरांना आयुष्यात कधीच काही झालेलं नाही. त्यांचा हात मोडला, अपेंडिक्स फुटलं, एका उन्हाळ्यात वादळाने अर्धी चिकूची वाडी आडवी केली आणि शेवटी राहतं घर पाण्यात गेलं; पण त्यांच्याकडून ऐकाल तर यातलं काही घडलेलं नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी ज्या दोनचार गोष्टी मला बजावून सांगितल्या त्यात एक ही होती, की थोरल्याला 'कसे आहात' म्हणून विचारायच्या फंदात पडू नकोस, कारण जे उत्तर मिळेल ते खरं नसेल. मला वाटलं, सासूबाई लेकाचं कौतुक करताहेत. त्या बिचाऱ्या मला सावध करत होत्या, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

हात मोडला तो चिकूच्या झाडावरून पडून. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात दाबून विचारलं, "दुखतंय का?" दीर म्हणाले, "छे, छे. पण डॉक्टर, तुम्ही फार बारीक झालात हो. जेवणाची आबाळ होते वाटतं?" डॉक्टरांनी खूश होऊन मलम दिलं आणि घरी पाठवलं. रात्री हात भोपळ्याएवढा सुजला तेव्हा जाऊबाईंनी आरडाओरडा करून त्यांना वापीला नेलं. परत आल्यावर गळ्यात अडकवलेला हात बघून जो तो विचारी, आणि दीर सांगत, "जरा आराम देतोय त्याला, फार राबला." अपेंडिक्सच्या वेळचं तर मी सांगतच नाही. पोटाला हात लावून वाकत वाकत त्यांनी पंगतीत पाच माणसांना आग्रह केला होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

परक्या माणसासमोर तर हे जास्तच. कौलातून गळत असलं तर खाली पितळी पातेलं ठेवून पाहुण्यांना सांगत, की पावसाचं पाणी तुळशीला फार मानवतं, म्हणून धरून ठेवतो. एकदा माझ्या माहेरची मंडळी जेवायला बसली होती, तेवढ्यात न्हाणीघरातून साप निघाला. तो फक्त दिरांना दिसला. मे महिना, भर दुपार, अंगणात पाय ठेववत नव्हता, आणि हे हसतमुखाने म्हणाले, "आपण ताटं घेऊन बाहेरच बसू या का? बाहेर वारं काय छान सुटलंय!" माझे वडील, आई, आत्या, सगळे घामाने निथळत वरणभात जेवले. साप कुठे गेला ते आजतागायत कोणाला माहीत नाही. मधल्या काही वर्षांत आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन सारखी हलत होती, भांडी पडायची, लोक घाबरून अंगणात झोपायचे. त्या दिवसांत पुण्याचे एक गृहस्थ दिरांची मुलगी बघायला आले होते. त्यांच्या हातातला कप बशीत थरथरायला लागला. दीर म्हणाले, "मालगाडी गेली." रेल्वे आमच्या घरापासून कुठल्या कुठे. त्या गृहस्थांनी मान डोलावली, दुसरा कप घेतला, आणि मुलीला पसंतही केलं.

मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊजी, खरं सांगायला काय होतं तुम्हाला?" तेव्हा ते म्हणाले होते, "सुमन, येणारा माणूस स्वतःची दुखणी घेऊन आलेला असतो. त्याच्या ताटात आपली कशाला वाढायची?" राग आला की मी हे वाक्य आठवते, आणि राग जात नाही तो नाहीच, पण त्यांच्यावरून उठून भलत्याच कोणावर तरी जाऊन बसतो. खरं तर माझा या माणसावर फार जीव आहे. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. त्यांनी दुखवलं ते फक्त स्वतःला, आणि जाऊबाईंना, आणि त्या घराला.

ते घर त्यांनी स्वतः बांधलं. सरावलीच्या पुढे, खाडीच्या बाजूला, वाडीच्या टोकाला. गवंड्याने सांगितलं होतं, काका, जोतं उंच घ्या, इकडे भरतीचं पाणी चढतं. दिरांनी ऐकलं नाही, कारण म्हाताऱ्या नातेवाइकांना पायऱ्या चढायचा त्रास नको. एक पायरी ठेवली, तीही इतकी बुटकी की ती पायरी आहे हे लक्षात न येऊन माणसं ठेचकाळत. तरी कित्येक वर्षं काही बिघडलं नाही. पावसाळ्यात पाणी खालच्या भातखाचरात उतरायचं, तिथून ओहळाने खाडीला मिळायचं. मग पलीकडे मोठ्या रस्त्याचं काम निघालं. खाचरांवर डोंगराएवढा मातीचा भराव पडला आणि त्याच्याखालून पाण्यासाठी ठेवली ती एवढीशी मोरी. शेंबडं पोर सांगेल की एवढं पाणी त्यातून जायचं नाही. पण भराव टाकणारे कुठले कोण, ते कशाला पोराला विचारतील! ते टाकून गेले. आता वरून धरणाचं पाणी सोडलं आणि समोरून भरती आली की मधे सापडलेल्या पाण्याला जायला एकच मोकळी जागा राहिली, ती म्हणजे दिरांचं बिनपायऱ्यांचं अंगण.

म्हणून मी घराच्या विम्याच्या मागे लागले. तलासरीची एक एजंटबाई माझ्या ओळखीची होती. हायवेच्या बसने यायची, फाटकी छत्री, पण बोलणं एकदम पक्कं. दीर आधी तयार होईनात. "घराचा विमा? घराला काय धाड भरलीय?" जाऊबाईंनी दोन दिवस अबोला धरला तेव्हा त्यांनी सही केली, तीही बाहेर कोणाला कळता कामा नये या अटीवर, जणू घराला क्षय झालाय आणि आपण तो झाकतोय. एजंटबाईने निघताना तीनतीनदा सांगितलं, "काका, पाणी आला तर लगेच फोन मारायचा. कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत काय म्हणजे काय हलवायचा नाय. झाडू पण नाय मारायचा हं." दीर प्रसन्नपणे "हो, हो" म्हणाले. जाऊबाईंचा चेहरा मात्र पडला. घरात माणूस येणार आणि झाडू मारायचा नाही, हे त्यांच्या गळी उतरेना.

पाणी आलं ते श्रावणात, पहाटेच्या भरतीला. आम्ही डहाणू रोडला फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी फोन लावला तर दीर म्हणाले, "जरासं अंगणात आलंय. तुम्ही चहा घेतलात का?" मागून जाऊबाईंचा रडण्याचा आवाज येत होता. त्या वेळी दोघं माळ्यावर बसली होती आणि खाली पाणी खिडकीला टेकलं होतं. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी रस्ता उघडल्यावर गेलो तेव्हा कळलं. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. गाद्या फुगून बैलासारख्या झालेल्या. तांदळाच्या कोठीतून आंबूस वास. मागच्या खोलीची जमीन एका बाजूने खचलेली, आणि मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एवढी भेग, की त्यातून वाडीतली केळ दिसत होती. ती भिंत गेली की वरचं छप्पर जाणार, हे मला बांधकामातलं काही कळत नसून कळलं. एजंटबाईला तिथूनच फोन केला. परवा माणूस येईल म्हणाली. मी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले तर दीर आडवे आले. "घराचे असले फोटो काढतात का गं? कपडे बदलत असलेल्या माणसाचा कोणी फोटो काढतं का?" मी हट्टाने काढलेच. घरी येऊन बघते, तर प्रत्येक फोटोत दीर मधोमध उभे. सदऱ्याची बटणं लावलेली, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि चेहऱ्यावर लग्नातल्यासारखं हसू. भेग नेमकी त्यांच्या पाठीमागे. फ्रिजच्या फोटोत त्यांनी फ्रिजवर हात असा ठेवला होता की नवीन आणलाय असं वाटावं.

निघताना मी हात जोडून सांगितलं होतं, भाऊजी, परवापर्यंत काही हलवू नका. परवा मी रिक्षातून उतरले आणि मला वाटलं आपण चुकीच्या घरी आलो. अंगण शेणाने सारवलेलं, त्यावर रांगोळी. रानशेतहून वाडीत कामाला येणाऱ्या दोघी बायका पायरी घासत होत्या. मी ओरडलेच, तर त्यातली एक घाबरून म्हणाली, "काकाच बोलले, लांबून पावना येनार हाय, सगला धुवून काढा." आत गेले. जमिनीवर चिखलाचा ठिपका नाही. भिंतींना चुना, पाणी जिथवर चढलं होतं त्याच्याही वर, एकसारखा. गणपतीच्या आधी रंग काढायचाच होता, तो आता उरकला म्हणे. गाद्या ओढ्यात टाकून दिलेल्या, फ्रिज गोठ्यामागे ताडपत्रीखाली झाकलेला. शेजाऱ्याकडून खुर्च्या आणि पलंगपोस मागून आणलेले. मागच्या भिंतीपुढे लाकडी कपाट सरकवलेलं, त्यावर फुलदाणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊबाईंना म्हटलं, "वहिनी, तुम्ही तरी?" त्या हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी सांगत होते गं त्यांना. पण मग म्हटलं, माणसाला बसवायचं कुठे? मलाही लाज वाटली."

कंपनीचा माणूस आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. गुजरातकडचा होता, तिशीतला, सकाळपासून घरं बघत हिंडून दमलेला. दिरांनी त्याला पाय धुवायला गरम पाणी दिलं. तसं पाणी त्या दिवशी त्याला कोणी दिलं नसावं, कारण त्याचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. त्याने कागद काढून विचारलं, "काका, पानी कुठपर्यंत आला होता?"

"आलं आणि गेलं. तुम्ही आधी पातोळ्या घ्या. साजूक तूप आहे."

"पण घरात आला होता ने?"

"भेटून गेलं म्हणा ना."

मी मधे पडले. म्हटलं, खिडकीपर्यंत होतं, फ्रिज गेला, धान्य गेलं, भिंत फाटलीय. दीर त्या माणसाकडे बघून कौतुकाने हसले. "आमची धाकटी भावजय. हिला सगळं जरा वाढवून सांगायची सवय आहे, पण मनाने चांगली." मी कपाट ओढायला लागले. ते एकटीने हलेना. शेवटी तो माणूसच उठला, त्याने हात लावला आणि भेग बाहेर आली, वरून ओला चुना फासलेली. तो वाकून निरखत राहिला. मग त्याने दिरांकडे वळून अगदी आर्जवाने विचारलं, "काका, ही आत्ताचीच आहे ने? तुम्ही बोला, मी लिहितो." मला अजून आठवतं, स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाई पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. दिरांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा त्या चिखलाने भरलेल्या पोराकडे. आणि म्हणाले, "ती होय? ती जुनीच. नवीन घर खाली बसतं तेव्हाची. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. आमचं नुकसान म्हणाल तर एवढंच, की तुम्हाला असल्या पावसात इथवर यावं लागलं." जाताना त्यांनी त्याला पिशवीभर नारळ दिले आणि फाटकापर्यंत छत्री धरली.

पलीकडच्या घरात पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं होतं. त्याचाही विमा होता, आणि तो शेजारी हुशार. त्याने खाडीवरून चिखल आणून हॉलमध्ये पसरला, जुन्या गाद्या भिजवल्या, आणि कंपनीचा माणूस आला तेव्हा घरातली झाडून सगळी माणसं त्या चिखलात बसून रडली. त्याची भरपाई मंजूर झाली. तो पेढे घेऊन आला तेव्हा दीर म्हणाले, "वा, वा, फार बरं झालं. फार सोसलंत तुम्ही." आमच्या घराचा निकाल मी वाचला तो कंपनीच्या टेबलासमोर उभी राहून: पुरामुळे उल्लेखनीय नुकसान आढळले नाही. मी तिथे बरीच भांडले, माझे फोटोही दाखवले, पण त्यांत भेगेपेक्षा दीरच जास्त दिसत होते. समोरच्या साहेबाने शांतपणे कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर शुभ्र भिंत, फुलदाणी, आणि हातात पातोळ्यांची ताटली घेऊन हसणारे आमचे दीर. साहेब म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा, यांना काय झालंय?" मी कागद उचलून बाहेर पडले. येताना बसमध्ये मात्र मनातल्या मनात सगळ्यांना उत्तरं दिली. चिखलात लोळून रडता आलं तरच माणसाचं घर बुडालेलं असतं काय? ज्याने भराव टाकला त्याला कोणी विचारत नाही, पाणी कुठपर्यंत आलं म्हणून. ज्याने पाय धुवायला पाणी दिलं त्याला मात्र पुरावा मागतात. मला त्या साहेबाचा राग आला, त्या शेजाऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त राग आमच्या त्या देवमाणसाचा आला. देवमाणूस घरात असला की बाकीच्यांची काय गत होते, ते ज्यांच्या घरात असतो त्यांनाच माहीत.

भिंत भाद्रपदाच्या पावसात पडली. दिवसा पडली आणि दोघं पुढच्या ओटीवर होती, म्हणून वाचली. मागचं छप्पर खाली आलं, पाठोपाठ मधली खोलीही कलली. उभं करायला पुन्हा जोत्यापासून सुरुवात करायला हवी होती आणि ती ताकद आता त्यांच्यात कुठून येणार? दोघं आमच्या फ्लॅटवर राहायला आली. जाऊबाई पहिल्या आठवड्यात खूप बोलल्या, नवऱ्याला, नशिबाला, कंपनीला, आणि मग एकदम बोलायच्या थांबल्या. दीर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत, हवापालट म्हणून आलोय, भावाने फार आग्रह केला.

दिवाळीनंतर चौकटी आणि खिडक्या काढून आणायच्या होत्या. जाऊबाई यायला तयार नव्हत्या, म्हणून दिरांबरोबर मी गेले. ते घरभर फिरले, घर म्हणण्यासारखं जे काही उरलं होतं त्यातून. रस्त्याने जाणाऱ्या एका ओळखीच्याने हाक मारून विचारलं, "काय काका, घराचं असं कसं झालं?" दीर म्हणाले, "हवेशीर केलंय जरा." तो हसला आणि गेला. मीही हसले, आणि मग चौकटी मोजायला लागले.

चौकटी टेम्पोने पुढे पाठवल्या. परतीच्या वाटेवर ते रिक्षात माझ्या शेजारी बसले होते. रिक्षावाला कोणी अनोळखी मुलगा होता, तलासरीकडचा असावा. त्याने गाडी चालवता चालवता सहज विचारलं, "काका, ते खाडीकडचं पडलेलं घर तुमचंच का?" मी त्याला गप्प करायला तोंड उघडलं, तेवढ्यात दीर म्हणाले, "माझंच. मी बांधलेलं." आणि मग ते बोलत राहिले. पाणी पहाटे आलं, आधी न्हाणीघराच्या मोरीतून वर चढलं, मग दारातून. खिडकीच्या गजांपर्यंत होतं. माळ्यावर बायको थरथर कापत होती आणि आपल्याला तिला धीर देता येत नव्हता. फ्रिज होता, कोठीतले तांदूळ होते, मुलीच्या लग्नातल्या गाद्या होत्या. भिंत फाटताना आवाज झाला तो अजून कानात आहे. एकेक वस्तू, एकेक जागा, काही म्हणून सुटलं नाही. एवढं नीट मीसुद्धा कोणाला सांगू शकले नसते. पोरगा नुसता "हो का" म्हणत होता. "माझं घर गेलं रे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. इमारत आली. मुलाने इंजिन बंद केलं आणि मागे वळून ऐकत राहिला. उतरा असं तो म्हणाला नाही, आणि मीही म्हटलं नाही.